मागचे पाय

“पण मास्तर, चेहराच दिसणार नसेल, तर अभिनय करायचा कशानं?”

गुरव मास्तर सुईत दोरा ओवत होते. एक डोळा मिटलेला, जिभेचं टोक दातांत. त्यांनी प्रश्न ऐकला की नाही, कळायला मार्ग नव्हता.

“मास्तर…”

“एवढा दोरा ओवून दे. मला दिसत नाही.”

सुजय लवटेने दोरा ओवून दिला. मास्तरांनी मांडीवरच्या पांढऱ्या कापडाला एक टाका घातला, मग दुसरा, आणि मग शिवतच राहिले. ते बैल शिवत होते.

भांडण त्या बैलावरूनच होतं. कॉलेजच्या नाट्यविभागाचं वार्षिक नाटक यंदा लहान मुलांसाठी होतं. एक शेतकरी आपला बैल बाजारात विकतो, आणि बैल संध्याकाळी आपल्या पायांनी घरी परत येतो. पुन्हा विकतो, पुन्हा येतो. एवढीच गोष्ट. सकाळी मास्तरांनी भूमिका सांगितल्या. शेतकऱ्याची दुसऱ्याच कुणाला गेली. बैलात दोघे होते. पुढचे पाय अस्लम नदाफ, मागचे पाय सुजय लवटे.

आता सुजय म्हणजे विभागातलं चलनी नाणं. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत अभिनयाचं पहिलं बक्षीस घेऊन आलेला. आरशासमोरून तो नुसता जात नसे, थांबून विचारपूस करून जात असे. आपल्या चेहऱ्याची डावी बाजू उजवीपेक्षा जास्त बोलकी आहे, हा शोध त्याने स्वतःच लावला होता. कॅन्टीनमध्येही तो डावी बाजू लोकांकडे येईल अशीच खुर्ची धरायचा. पुढे सिनेमात जायचं हे तर ठरलेलंच होतं, सिनेमावाल्यांना कळवायचं तेवढं बाकी होतं. अशा माणसाला बैलाच्या मागच्या अंगात कोंबायचं म्हणजे चेष्टाच झाली.

पण खरी अडचण चेहऱ्याची नव्हती. खरी अडचण आप्पांची होती.

आप्पा म्हणजे सुजयचे वडील, भागवत लवटे. माणदेशातले बैलांचे व्यापारी. बाजारात अशा माणसाला हेडी म्हणतात. एकाचा बैल दुसऱ्याला दाखवायचा, दोघांची गाठ घालून द्यायची, सौदा पटवायचा. पोरगं कॉलेजात जाऊन नाटक शिकतं, ही गोष्ट त्यांच्या गळी कधी उतरलीच नाही. नाटकात काम करतात हे त्यांना ठाऊक होतं. ते शिकावं लागतं हे मात्र त्यांना कुणी पटवू शकलं नव्हतं. शेवटी बापलेकांत एक ठरलं होतं. आप्पा एकदा येऊन बघणार. बघण्यासारखं काही दिसलं तर पोराने पुढे शिकावं. नाही दिसलं, तर गुमान बाजारात आप्पांच्या शेजारी उभं राहावं.

आणि या शहाण्याने भूमिका ठरायच्या आधीच फोन करून सांगितलं होतं, की या, सगळं नाटक माझ्याभोवतीच आहे.

हे सगळं त्याने एका दमात मास्तरांना सांगून टाकलं. एक गोष्ट तेवढी गाळली. वडील कशाचे व्यापारी, ते त्याने कॉलेजात आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंच, तर “ट्रेडिंगमध्ये आहेत” म्हणायचं आणि विषय बदलायचा.

मास्तरांनी दोरा दाताने तोडला.

“येऊ देत की.”

“पण त्यांना मी दिसायला नको का?”

“बैल दिसेल.”

“मास्तर, बैल ते रोज…” सुजयने जीभ चावली. “म्हणजे, बैल काय, कुणीही बघतं.”

मास्तरांनी मान वर करून त्याच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग कापडाचं तोंड रुंद करून धरलं.

“शीर बघू आत. खांद्यात बसतंय का बघतो.”

गुरव मास्तरांविषयी दोन शब्द सांगायला हवेत. त्यांचं उभं आयुष्य तंबूच्या नाटकात गेलं होतं. वाघ, अस्वल, घोडा, एकदा तर हत्तीचा पुढचा अर्धा भाग. गावोगावची मुलं त्यांना बघून किंचाळली होती, पण रस्त्यात त्यांना कधी कुणी ओळखलं नाही, आणि याचं त्यांना मनापासून सुख होतं. म्हातारपणी नाट्यविभागाने त्यांना शिकवायला बोलावून घेतलं. त्यांच्या तासाला व्याख्यान नसे. मुलं प्रश्न विचारत आणि मास्तर काहीतरी काम सांगत.

बैलाचा नियम एकच होता. आत शिरल्यावर बोलायचं नाही.

“मग मागच्यानं पुढच्याला सांगायचं कसं?” सुजयने विचारलं.

“बैल सांगतो का?”

झालं. एवढ्यावर तालीम सुरू झाली.

पहिले काही दिवस कसे गेले ते विचारू नका. आत मिट्ट काळोख. आतून लावलेल्या गोणपाटाचा वास, त्यात अस्लमच्या खिशातल्या शेंगदाण्यांचा वास. अस्लम मिरजेचा, अंगाने आडवा, स्वभावाने आनंदी. जग बुडालं तरी त्याला भूक लागायचीच. त्याचा एक हात बैलाचं तोंड हलवण्यात गुंतलेला, दुसरा मोकळा. सुजय कंबरेत वाकलेला, एका हाताने अस्लमचा पट्टा धरलेला आणि दुसऱ्या हातात शेपटीची दोरी. पुढचे पाय डावीकडे निघाले की मागचे उजवीकडे निघत. बैल मध्येच लांब व्हायचा आणि शिवण उसवायची. बाहेरून कुणीतरी ओरडायचं, “मास्तर, बैल फाटला.” मास्तर सुईदोरा घेऊन यायचे आणि न बोलता शिवून जायचे.

त्यातून कसंबसं चालणं जमलं. पण नाटकात एक महत्त्वाची जागा होती. बाजारात बैल खाली बसतो आणि नव्या मालकाबरोबर जायला उठतच नाही. मग त्याला घराची आठवण होते आणि तो उठून घराकडे निघतो. सगळं नाटक त्या उठण्यावर उभं होतं.

अस्लम उठायचा, मागोमाग सुजय उठायचा.

“घोडा,” मास्तर म्हणायचे.

पुन्हा बसायचं, पुन्हा उठायचं.

“घोडा.”

उठण्याच्या तालमीच्या तिसऱ्या दिवशी सुजयने फटीतून डोकं बाहेर काढलं. घामाने केस कपाळाला चिकटलेले होते, पण त्या अवस्थेतही डावी बाजू मास्तरांकडे होती. त्याने विचारलं, की घोडा कसा काय, शिंगं तर आहेत.

“शिंगं आहेत. उठला मात्र घोडा.”

“मग बैल कसा उठतो?”

“मला काय विचारतोस?” मास्तर म्हणाले आणि चहाला निघून गेले.

सुजय पुन्हा आत शिरला. रागाने शिरला, कारण बाहेर सगळे हसत होते आणि आत निदान ते दिसत नव्हते. अस्लम गुडघ्यांवर बसून शेंगदाणे खात होता. सुजयही बसला. काळोखात करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. गोणपाटाचा वास नाकात भरला, आणि एकाएकी त्याला बाजार आठवला.

लहानपणी आप्पा त्याला बरोबर न्यायचे. बैलांच्या रांगेतच, कडब्यावर पोतं टाकून तो झोपायचा. सकाळी जाग यायची ती बैल उठायला लागले की. डोळ्यांसमोर पहिल्यांदा दिसायचे ते मागचे पाय. बैल आधी मागून उठायचा. मागचं अंग पूर्ण वर यायचं, पुढचे गुडघे तेवढे टेकलेले असायचे. जमिनीला नमस्कार केल्यासारखा तो क्षणभर थांबायचा, आणि मग पुढचे पाय सरळ व्हायचे. शेकडो वेळा बघितलेलं होतं. घोडा पुढून उठतो, बैल मागून. हेड्याच्या पोराला हे कुणी शिकवावं लागत नाही, विसरायला मात्र कॉलेजात यावं लागतं.

मास्तर चहा पिऊन परत आले. “उठा,” म्हणाले.

सुजयने अस्लमची वाट बघितली नाही. त्याने मागचं अंग ताडकन वर केलं. अस्लमच्या हे ध्यानीमनीही नव्हतं. तो शेंगदाण्यांसकट नाकावर आपटला. खोलीभर हसण्याचा कल्लोळ झाला. काही जण तर पोट धरून खाली बसले.

मास्तर हसले नाहीत. ते दोन पावलं पुढे आले.

“आता बैल उठला,” ते म्हणाले. “पडला तो अस्लम.”

त्या दिवसापासून सुजयला बैलात जाताना लाज वाटेनाशी झाली. उलट घाई व्हायला लागली. पण उठताना दर वेळी अस्लमचं नाक फोडून चालणार नव्हतं. काहीतरी खूण हवी होती, तीही न बोलता.

मैदानाच्या कडेला बदामाच्या झाडाखाली तो अस्लमला घेऊन बसला. त्याने आपला टॉवेल अस्लमच्या हातावर टाकला आणि टॉवेलखाली त्याची बोटं धरली.

“हे काय नवीन?” अस्लम म्हणाला.

“बाजारात असा सौदा करतात. वरून टॉवेल, खाली बोटं. कितीला मागितला, कितीला देणार, सगळं बोटांनी. चारचौघांत उभं राहून बोलायचं, आणि चारचौघांना कळू द्यायचं नाही.”

“तुला रे कसं माहीत?”

बदामाचं एक पान खाली पडलं, त्याकडे सुजयने उगाचच बघितलं.

“माझे आप्पा हेडी आहेत. बैलांचे.”

“आणि ट्रेडिंग?”

“तेच ते.”

अस्लमने थोडा विचार केला. “मग बरोबरच सांगत होतास की,” तो म्हणाला. “दे इकडं बोटं.”

सुजयच्या छातीवरचा दगड उतरला, आणि तो इतका सहज उतरला की इतके दिवस वागवला कशाला, हेच त्याला कळेना. दोघांनी मिळून खुणा बसवल्या. पहिलं बोट ओढलं की डावीकडे, करंगळी ओढली की उजवीकडे. मूठ दाबली की थांबायचं. उठायच्या आधी मनगटाला चिमटा, म्हणजे नाक सांभाळ.

शेवटची खूण घरची होती. आप्पा आणि चुलते बाजारात ती एकमेकांना द्यायचे, बाहेरच्या कुणाला ती माहीत नव्हती. तळहाताच्या मध्यावर अंगठा दोनदा दाबायचा. त्याचा अर्थ, हे घरचं जनावर आहे, ह्याचा सौदा करायचा नाही. लहानपणी आप्पांनी गर्दीत हात धरून चालताना ती सुजयलाही शिकवली होती. नाटकात बैल घराकडे वळतो, त्या जागी सुजयने ती ठेवली.

आणि बैल चालायला लागला. खरंच चालायला लागला. माश्या उडवायला लागला, मालकाचा हात चाटायला लागला, कंटाळला की एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घ्यायला लागला. तालमीला विभागातली इतर मुलं येऊन बसायला लागली. आतल्या काळोखात सुजयला हे सगळं ऐकू यायचं आणि असं वाटायचं, की आपण गावभर पसरलो आहोत. आपली डावी बाजू कुठली, हे त्याच्या ध्यानातही राहिलं नाही.

एकदा तालीम संपल्यावर त्याने मास्तरांना गाठलं.

“मास्तर, आता जमतंय का मला?”

“कुणाला?” मास्तर म्हणाले.

सुजय हसला. त्याला उत्तर कळलं होतं अशातला भाग नाही, पण प्रश्न आवडला.

तरी आप्पा होतेच. प्रयोगाच्या आदल्या दिवशी फोन आला, की उद्या येतो. आप्पा येणार, बसणार, नाटकभर पोराला शोधणार, आणि पोरगं कुठे दिसलंच नाही असं म्हणून उठून जाणार. मग बाजार. बाजाराची आता लाज वाटत नव्हती, पण बैलात शिरायची गोडी लागली होती. ती सोडून जायला तो तयार नव्हता.

तो मास्तरांकडे गेला. फार काही मागितलं नाही. नाटक संपल्यावर सगळे नट रांगेत येऊन प्रेक्षकांना नमस्कार करतात. त्या वेळी बैलाचं कातडं बाजूला करून एक क्षण तोंड दाखवू द्या, एवढंच.

मास्तर बैलाच्या गळ्यात घुंगुरमाळ बांधत होते.

“नाटक संपलं की बैल कुठं जातो?”

“…गोठ्यात.”

“मग जा.”

दुसऱ्या दिवशी दुपारच्या उन्हाचा जोर ओसरल्यावर कॉलेजच्या खुल्या रंगमंचावर प्रयोग सुरू झाला. आसपासच्या शाळांची मुलं पुढे जमिनीवर बसली होती. सुजयने शिवणीच्या फटीतून बघितलं. मुलांच्या मागे, पहिल्याच खुर्चीवर, पांढरा पटका आणि खांद्यावर टॉवेल. आप्पा हातांची घडी घालून बसले होते. बाजारात दुसऱ्याचा बैल बघताना बसतात तसे.

बैल रंगमंचावर आला आणि मुलांनी एकच गिल्ला केला. त्यानंतर फटीतून बघायला सुजयला वेळ मिळाला नाही. अस्लमच्या हातात त्याचा हात होता आणि दुसऱ्या हातात शेपूट. बैलाने शेतकऱ्याच्या पिशवीतली भाकरी पळवली, मुलं हसली. बैलाला विकलं, मुलं गप्प झाली. बैल परत आला, मुलं उठून नाचली.

मग बाजार आला. बैल खाली बसला. नवा मालक दावं ओढून दमला. ठरल्याप्रमाणे तो मागे आला आणि त्याने शेपूट धरून पिरगाळायला घेतली.

“आरं ये, शेपटी सोड त्येची!”

आवाज पहिल्या खुर्चीवरून आला होता. आप्पा उभे राहिले होते. “मुकं जनावर हाय. उठतंय त्ये. दमानं घे की.”

सगळं मैदान हसलं. नव्या मालकाचं काम करणारा मुलगा तर इतका घाबरला की त्याने शेपूट खरोखरच सोडून दिली. आप्पा ओशाळून खाली बसले. आत काळोखात सुजयला हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही आवरेना. हसला असता तर बैल हलला असता. त्याने दात ओठात रुतवले आणि अस्लमच्या मनगटाला चिमटा काढला.

बैल मागून उठला. पुढचे गुडघे टेकलेलेच होते. तो तसाच थोडा थांबला… मग पुढचे पाय सरळ झाले.

“व्हय,” आप्पांचा आवाज आला. या वेळी हळू. “आस्सं.”

सुजयने अस्लमच्या तळहातावर अंगठा दोनदा दाबला, आणि बैल घराकडे वळला.

नाटक संपलं. नट रांगेत उभे राहून नमस्कार करू लागले. मास्तरांनी दावं धरलं आणि बैलाला रंगमंचावरून खाली उतरवून बाजूच्या लिंबाखाली नेऊन उभं केलं. टाळ्या तिकडे वाजत होत्या. इकडे बैल शेपटी हलवत उभा होता, आणि बैलात सुजय कान देऊन उभा होता. पोरगं कुठं होतं, असं आप्पा आता कुणाला तरी विचारतील. मग काय होईल, याचा विचार करायचं त्याने टाळलं.

आधी मुलं धावत आली. कुणी शिंगांना हात लावला, कुणी गवत आणून तोंडाशी धरलं. अस्लमने ते खाल्ल्यासारखं केलं. थोडंसं खरंच खाल्लं असावं. मग मुलं बाजूला सरली आणि जड वहाणांचा आवाज जवळ आला.

आप्पा बैलाभोवती एक फेरी मारून आले. मग मागच्या बाजूला थांबले आणि त्यांनी बैलाच्या पाठीवर थाप मारली. भरदार, मोकळ्या हाताची थाप.

“शाब्बास, गड्या.”

ती थाप नेमकी सुजयच्या वाकलेल्या पाठीवर पडली होती.

पहिल्या बक्षिसाचा चषक घरी नेला होता, तेव्हा आप्पांनी तो हातात फिरवून “पितळंचा हाय व्हय?” एवढंच विचारलं होतं. लहानपणापासून हा हात पाठीवर पडावा म्हणून सुजयने काय काय केलं होतं. आज तो पडला आणि पाठ त्याची नव्हती. पण त्याला वाईट वाटलं नाही. इतका आनंद झाला की पाय थरथरले, आणि बाहेरच्या मुलांना वाटलं, बैलाने माशी उडवली.

“मास्तर, बैल तुमचा का?” आप्पांनी विचारलं.

“हो, म्हणायला माझाच.”

“देता का मग?” आप्पांच्या आवाजात हसू होतं. मुलंही कान टवकारून ऐकत होती.

मास्तरांनी सरळ चेहऱ्याने थोडा विचार केला. मग आप्पांच्या खांद्यावरचा टॉवेल काढून घेतला आणि बैलाच्या कुशीवर, शिवण उसवली होती तिथे, नीट पसरून टाकला.

“मला सौद्यातलं कळत नाही,” ते म्हणाले. “त्यालाच विचारा.”

आप्पा मोठ्याने हसले. अशी थट्टा त्यांना फार आवडायची. मुलांना मजा दाखवावी म्हणून त्यांनी बाह्या सारल्या, टॉवेलखाली हात घातला आणि फटीतून पंजा आत सरकवून दोन बोटं पुढे केली.

सुजयने ती धरली. मधलं बोट वाकडं होतं, बैलाच्या शिंगाने कधीकाळी मोडलेलं. “आप्पा, मीच आहे,” एवढं म्हणायला कितीसा वेळ लागला असता. शब्द अगदी ओठांवर आले होते.

बैल बोलत नाही.

त्याने आप्पांचा पंजा उलगडला आणि तळहाताच्या मध्यावर अंगठा दाबला. मग पुन्हा एकदा दाबला.

बाहेरचं हसणं थांबलं…

हात टॉवेलखाली तसाच राहिला. मुलं विचारत होती, काय म्हणाला, काय म्हणाला बैल. अस्लमही चावायचा थांबला होता. मग तो खरबरीत पंजा हळूहळू मिटला, सुजयची सगळी मूठ त्यात सामावून गेली, आणि त्याने ती दाबली. चांगली जोरात, हाडं दुखेपर्यंत.

आप्पांनी हात बाहेर काढला. टॉवेल उचलून तोंडावरून फिरवला, डोळ्यांवरून जरा जास्त वेळ फिरवला.

“काय म्हणतोय?” मास्तरांनी विचारलं.

“टावेलाखालचं भाईर सांगत न्हाईत, मास्तर.” आप्पांनी टॉवेल खांद्यावर टाकला. “पर ह्यो बाजाराचा बैल न्हवं. ह्यो हितंच ऱ्हाऊ द्या.”

“ठेवतो.”

“वैरणपाण्याचं बघा.”

“बघतो. फार खातो, पण बघतो.” ते पुढच्या अर्ध्या भागाविषयी बोलत होते.

आप्पा निघाले. चार पावलं गेले आणि वळून परत आले. पोरगं कुठं भेटलंच तर सांगा, म्हणाले, सुट्टीला येऊन जा म्हणावं, आई वाट बघती. सुट्टीपुरतं आला तरी चालंल. मग त्यांनी बैलाच्या पाठीवर आणखी एक थाप मारली आणि फाटकाकडे चालू लागले. वहाणांचा आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत सुजय वाकूनच उभा होता.

मुलांनाही शिक्षकांनी हाका मारल्या. लिंबाखाली शांत झालं. अस्लमने बैलाचं डोकं काढून गवतावर ठेवलं आणि तो पाणी प्यायला पळाला. सुजय फटीतून बाहेर आला. केसांत गोणपाटाचे धागे, गालावर घामामातीचे ओघळ, कुठली बाजू मास्तरांकडे होती याचं त्याला भान नव्हतं. उजव्या हाताची मूठ अजून मिटलेली होती आणि तो तोंडभर हसत होता.

मास्तर उसवलेली शिवण मांडीवर घेऊन खाली बसले होते. त्यांनी सुई आणि दोरा त्याच्यासमोर धरला. त्याने दोरा ओवून दिला.

मास्तरांनी एक टाका घातला, मग दुसरा.

सुजयला राहवलं नाही.

“मास्तर, खरं सांगा… आप्पांनी मला ओळखलं का?”

मास्तरांनी दोरा ताणला, गाठ मारली, आणि टाका अंगठ्याने चाचपून बघितला.

“बैलाला विचार,” ते म्हणाले.